बोरघाटाचे मजूर आणि अमेरिकेचे गुलाम

चौक हे वाटेवरचे गाव. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता येथून जातो, आणि वाटेवरच्या गावाला स्वतःचा इतिहास थोडा व दुसऱ्यांच्या जाण्यायेण्याचा इतिहास फार असतो. नेताजी पालकरांचे गाव म्हणून आपण चौकचे नाव अभिमानाने घेतो. इंग्रजी पुस्तकांत मात्र ते येते निराळ्याच निमित्ताने. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब यांचा तळ येथे पडला होता. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. येथूनच ते डोंगर चढून गेले आणि माथेरानचा शोध लागला, असे लिहिलेले आढळते. ज्या डोंगरावर ठाकूर-कातकरी पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते त्याचा शोध लागला म्हणजे नेमके काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. असो.

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की अमेरिकेतील काळ्या लोकांच्या मुक्तीशी चौकच्या माणसाचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. परंतु इतिहासात काही साले अशी असतात की त्यांचा एक धागा ओढला तर दुसऱ्या खंडातला धागा हलतो. १८६३ हे असे एक साल आहे. त्या वर्षाच्या १ जानेवारीस अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटातील आगगाडीचा मार्ग खुला झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला होता, आणि दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात उतरविण्याची इंग्रजांना विलक्षण घाई झाली होती. गुलामांनी पिकविलेल्या कापसाची जागा आमच्या कापसाने घेतली, मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून कित्येक पेढ्या बसल्या. हा सट्टेबाजीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या हातांनी तो घाट फोडला त्यांचा इतिहास मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि तो तर आपल्या उशाशी घडला.

१८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधला सह्याद्रीचा कडा उतारूंनी पालखीत बसून, तट्टावर किंवा पायी ओलांडावा लागे. हे तोंड जोडण्यासाठी पळसदरीकडून खंडाळ्यापर्यंत सुमारे १६ मैलांचा चढाव बांधावयाचा होता. एकंदर चढ १,८३१ फूट, बोगदे २५, मोठे पूल ८, आणि मध्ये एके ठिकाणी गाडीने तोंड फिरवून उलट दिशेने चढावे अशी योजना. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने हे आकडे मोठ्या अभिमानाने नोंदविले आहेत व तो अभिमान खोटाही नाही. १८६१ च्या आरंभी या एका कामावर एकाच वेळी ४२,००० माणसे होती. मोठ्यात मोठ्या यात्रेलाही जी गर्दी एकदोन दिवसच जमते ती येथे महिनोन्‌महिने कड्यावर लटकून सुरुंगाची भोके पाडीत होती, असे समजावे.

ही माणसे कोठून आली? काही खालच्या गावांतून, पण बहुतेक दूरदूरच्या मुलखांतून, देशावरून व त्याही पलीकडून, बायकामुलांसह आली. दगड फोडणारे वडार आले, ज्यांच्या नशिबी जमीन नव्हती अशा हलक्या मानलेल्या जातींचे लोक आले. पुरुषांनी फोडावे, बायकांनी पाटीतून वाहावे, पोरांनी खडी गोळा करावी. काम चाले ते पावसाळ्याखेरीजचे आठ महिने. पाऊस सुरू झाला की पाल उचलून परत जावयाचे, आश्विन-कार्तिकात पुन्हा यावयाचे. ज्यांनी आपल्या तालुक्यातील वीटभट्ट्या पाहिल्या आहेत त्यांना हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल. त्याकडे आपण पुढे येऊ.

घाटाचे पहिले कंत्राट विल्यम फॅविएल नावाच्या इंग्रज गृहस्थाने घेतले होते. त्याने कामाचे तुकडे पाडून ते पोटकंत्राटदारांना दिले, त्यांनी मुकादमांना दिले, आणि मुकादमांनी माणसे आणली. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा थोडा मुरतो हा आपल्याकडील जुना अनुभव आहे. येथे तो इतका मुरला की तळापर्यंत पोहोचेचना. मजुरी महिनोन्‌महिने थकली. घरदार शेकडो कोस मागे टाकून आलेल्या माणसाची मजुरी थकते तेव्हा त्याला शेजाऱ्याकडून पायलीभर नाचणी उसनी मिळत नाही. वाण्याचे देणे मात्र रोज वाढते. १८५९ च्या जानेवारीत लोकांचा धीर सुटला. मोठा दंगा झाला, युरोपियन देखरेखदारांवर मजूर चालून गेले. सत्तावन सालाची आठवण ताजी असल्यामुळे सरकार दचकले. चौकशी झाली आणि मजुरांची तक्रार मुळात खरी असल्याचे दिसून आले. मार्चमध्ये फॅविएलने कंत्राट सोडून दिले. पुढे ते सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले, परंतु येथे आल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून वारला. त्याची विधवा अॅलिस हिने दोन इंजिनिअर हाताशी धरून काम तडीस नेले. त्या बाईच्या धडाडीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे, व ते योग्यच आहे. त्याच सुमारास घाटात पटकीची साथ आली. साहेब मेला तर त्याचे नाव, गाव, तारीख दगडावर कोरली जाई. मजूर मेला तर मुकादमाच्या वहीतील एक रेघ पुसली जाई.

२०२३ च्या १९ जुलैच्या रात्री आपल्या डोक्यावरच्या इरशाळवाडीवर कडा कोसळला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. ती यादी करताना नाव, वय, कुटुंब असे सारे लिहिले गेले. एवढे होण्यास मध्ये दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

दंगा शमला, पण त्यातून निघालेला धडा मजुरांच्या उपयोगी पडला असे म्हणता येत नाही. १८६० सालच्या ९ व्या अॅक्टान्वये रेल्वे, कालवे व अशा सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांचे तंटे मॅजिस्ट्रेटने तडकाफडकी तोडावेत असे ठरले. थकलेली मजुरी मागण्याची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच कायद्यात मजुराने ठरलेले काम सोडून गेल्यास त्याला तुरुंगात घालण्याचीही सोय होती. मालकाने शब्द मोडला तर त्याने पैसे द्यावेत, मजुराने मोडला तर त्याने कोठडीत बसावे! याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८५९ मध्ये, १३ वा अॅक्ट आला होता. तो मूळ कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून झाला व पुढे देशभर पसरला. कारागिराने किंवा मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम पुरे केले नाही, तर मॅजिस्ट्रेटने त्याला पैसे परत करावयास किंवा काम पुरे करावयास फर्मवावे. न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. म्हणजे आगाऊ दिलेला रुपया हे साधे कर्ज राहिले नाही. सावकाराला दिवाणी दावा करावा लागतो. येथे मात्र खुद्द सरकारी शिपाई उचल देणाऱ्याच्या दिमतीस उभा राहिला. हा कायदा १९२६ पर्यंत चालला आणि १८६० चा १९३२ पर्यंत.

आता येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. घाटातला मजूर हा अमेरिकेतल्या गुलामासारखाच होता असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे त्या गुलामांवर अन्याय करण्यासारखे होईल. तेथे माणूस बाजारात चौथऱ्यावर उभा करून विकला जात असे, आई एका मालकाकडे व मूल दुसऱ्याकडे जाई, आणि त्या मुलाचे मूलही जन्मतःच मालकाच्या मत्तेत जमा होई. घाटातला वडार पावसाळ्यात पाल उचलून जाऊ शके. हा फरक लहान नाही. शिवाय गुलामगिरी ही काय ती गोऱ्यांची, आम्ही तेवढे त्यातून निर्मळ, अशी समजूत करून घेण्यासही आधार नाही. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री उघड चाले. किल्ल्यांवर व कारखान्यांत त्या राबत. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द केली तेव्हा कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळला होता. येथे कायद्याने गुलामीची मान्यता काढून घेतली ती १८४३ मध्ये. आणि आपल्याच जिल्ह्यात, मुरुडच्या समुद्रात, जंजिरा उभा आहे. ज्या हबशी लोकांचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम किंवा शिपाई म्हणून या देशात आले, त्यांनीच तेथे राज्य स्थापले व ते १९४८ पर्यंत टिकविले. अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर हाही हबसाणातून विकला गेलेला मुलगा. काळा माणूस म्हटला की गुलामच, ही जी समजूत अमेरिकेने जगभर रूढ केली, तिला कोकणचा इतिहास मुळीच साक्ष देत नाही. शिवछत्रपतींच्या आरमाराला झुंजविणारा सिद्दी आमच्या आजोबांच्या गोष्टींत होता तो शत्रू म्हणून, दास म्हणून नव्हे.

बार्टल फ्रिअरसाहेबांची गोष्ट येथे अर्धी सोडून चालणार नाही. बोरघाटाचे उद्घाटन करणारा हाच माणूस दहा वर्षांनी, १८७३ च्या आरंभी, झांजिबारच्या सुलतानाकडे गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठी इंग्लंडचा वकील म्हणून गेला. त्याच्या शिष्टाईमागोमाग आरमाराचा धाक दाखवून त्याच जूनमध्ये तह झाला आणि झांजिबारचा गुलामबाजार मोडला. या कामात महाराष्ट्राचाही एक विलक्षण वाटा आहे. अरबांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईस आणली जात व त्यांतील पुष्कळांना नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांच्या वसाहतीत ठेवून सुतारकाम, लोहारकाम व लिहिणे-वाचणे शिकविले जाई. त्यांपैकी एक जेकब वेनराइट. प्रवासी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याचे शव शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतील दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत झाली तिला फ्रिअरचेच नाव देण्यात आले, व तेथे वस्तीला गेलेल्यांत हे नाशिककर आफ्रिकन पुष्कळ होते. फ्रिअर ढोंगी होता असे मला वाटत नाही. झांजिबारचा गुलाम त्याला दिसला आणि बोरघाटातला मजूर दिसला नाही, इतकेच. गुलाम साखळीमुळे ओळखू येतो. मजुराच्या पायात साखळी नव्हती, त्याच्या नावावर उचल होती.

ज्याला दोन्ही दिसले असा माणूस त्याच १८७३ साली पुण्यात लेखणी घेऊन बसला होता. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील ज्या लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला त्यांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी शूद्र भावंडांना सोडविण्याच्या कामी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तेथे व्यक्त केली. ही अर्पणपत्रिका आपण शाळेपासून ऐकतो, त्यामुळे तिच्यातील नवल बोथट झाले आहे. मुंबई इलाख्यातील माळी समाजात जन्मलेला एक मनुष्य, ज्याने अमेरिका पाहिली नाही, तो हजारो कोसांवरच्या काळ्या गुलामाचे दुःख आपल्या शेजारच्या माणसाच्या दुःखाशेजारी ठेवून पाहतो! त्यातही जोतीराव काही पुस्तकी पंडित नव्हते. सरकारी बांधकामांची कंत्राटे त्यांनी घेतली होती. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला होता. मजुराची हजेरी कोण मांडतो, पैसा कोठे झिरपतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली व १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली, हे त्याच झाडाचे फळ होय.

एका बाबतीत मात्र जोतीरावांनी अमेरिकेला पदरचे गुण दिले असे मला नम्रपणे वाटते. ते लिहीत होते त्या काळी तेथील दक्षिणेत मुक्त झालेल्यांवर मुखवटे घातलेल्या टोळ्यांचा जुलूम चाललाच होता, आणि १८७७ मध्ये उत्तरेने आपले सैन्य काढून घेताच सारा डाव उलटला. घटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली होती हे खरे, पण जमीन जुन्या मालकांचीच राहिली. मुक्त झालेला माणूस त्याच शेतावर अर्धलीने राबू लागला. बियाणे, खाणे, कापड सगळे मालकाच्या दुकानातून उधार. हंगामाच्या शेवटी हिशेब होई, आणि तो दरवर्षी अंगावरच येई. काम सोडावे तर तुरुंग. अॅलाबामा संस्थानातील अलोन्झो बेली नावाच्या काळ्या शेतमजुराने १५ डॉलर उचल घेतली व महिन्याहून थोडे अधिक काम करून तो निघून गेला, एवढ्यावर तो गुन्हेगार ठरला. त्याचा खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९११ मध्ये न्यायालयाने असा कायदा हा गुलामगिरीचाच दुसरा प्रकार आहे म्हणून तो रद्द ठरविला. आमच्या १८५९ च्या कायद्याची ही जणू सख्खी बहीण! तिकडची १९११ मध्ये गेली. इकडची जाण्यास आणखी पंधरा वर्षे लागली.

१९१३ साली भीमराव आंबेडकर न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. काळ्यांची वस्ती असलेला हार्लेम हा भाग विद्यापीठाच्या अगदी लगत आहे. पुढील आयुष्यात त्यांनी गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना पुन्हा पुन्हा केली आणि तिचा निष्कर्ष ऐकणाऱ्याला अस्वस्थ करणारा आहे. गुलाम ही मालकाची मत्ता, म्हणून त्याला जेवू घालणे व जगविणे यात मालकाचा स्वार्थ तरी असतो; अस्पृश्य हा नावापुरता स्वतंत्र, म्हणून तो जगला काय नि मेला काय, त्याची जबाबदारी कोणावरच नाही. घाटात पटकीने मेलेल्या मजुराला हा विचार लावून पाहा.

१९४६ च्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील थोर काळे विद्वान डुबॉइस यांना पत्र लिहिले. प्रत्यक्ष भेट नसली तरी नावाने आपण त्यांना ओळखतो, काळ्यांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे, दोन्हींत फार साम्य आहे, आणि नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मिळाल्या तर हव्या आहेत, असा त्या पत्राचा आशय. त्याच महिन्यात डुबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर लिहिले. पत्र लहानसे आहे. जोतीरावांनी एकाच बाजूने घातलेल्या सादेला ७३ वर्षांनी मिळालेली ओ म्हणून मी ते वाचतो. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, तेही अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या संघटनेवरूनच.

परंतु बाबासाहेबांचे आपल्या जिल्ह्यावर जे ऋण आहे ते सांगताना महाडच्या तळ्यापाशीच थांबण्याची आपल्याला सवय लागली आहे. १९३३ पासून अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली खोतांची शेते करण्यास नकार देऊन जो सहा वर्षे संप चालविला, त्यास बाबासाहेबांचा पाठिंबा होता. आणि १९३७ च्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडले. कूळ हे आगरी-कुणबी, बिल मांडणारा महार. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जो पिकवतो त्याच्या खळ्यावरून धान्य जाते आणि त्याच्याच नावावर देणे उरते, या एका गोष्टीपाशी त्या सगळ्यांच्या जाती एकत्र आल्या होत्या.

याच सुमारास कर्जत तालुक्यात एक माणूस अशाच विचाराने काम करीत होता. माथेरानला १९१२ साली न्हाव्याच्या घरी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले, पण त्यांनी मुंबईच्या कोर्टाकडे धाव घेतली नाही. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीने त्यांना आलेले मरण सर्वांना माहीत आहे. विजेचे मनोरे पाडणारा वीर म्हणून आपण त्यांची पुण्यतिथी करतो. मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या त्यांनी त्यापूर्वी उभ्या केलेल्या धान्यकोठ्या. पावसाळ्यात ठाकूर, कातकरी, गरीब शेतकरी यांच्या घरात दाणा नसतो. मग तो सावकाराकडून दाणा आणतो आणि पीक येताच वाढीदिढीने फेडतो. कोतवालांनी हे ओळखले की माणूस बांधला जातो तो श्रावण-भाद्रपदात, उपाशी पोटी. सोडवावयाचा तर तेव्हाच सोडविला पाहिजे. बोरघाटाची चौकशी करणाऱ्या साहेबांना जे सुचले नाही ते माथेरानच्या या तरुणाला सुचले.

आता वीटभट्टीकडे येऊ. कातकरी हे नाव काताचे. खैराच्या गाभ्यापासून कात काढणे हा त्यांचा धंदा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर खैरावर सरकारची मालकी आली, आणि धंदा गेला. मग तो ठेकेदारांसाठी कोळशाच्या भट्ट्या लावू लागला, लाकूड तोडू लागला, आणि मुंबई वाढू लागली तसा विटा पाडू लागला. जमीन त्याला नव्हतीच. ज्या वाडीत त्याची झोपडी आहे ती जागाही पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर आहे. पावसाळ्यात काम नसते, घरात आजारपण येते, लग्न निघते, आणि भट्टीमालकाचा माणूस वाडीवर येऊन उचल देऊन जातो. उचल एका माणसाला नसते, जोडीला असते. नवरा-बायको दोघे मिळून एक मजूर. दिवाळी झाली की भांडीकुंडी, कोंबड्या व पोरे घेऊन टेम्पोत बसावयाचे. हजार विटांमागे दर. आठवड्याला पोटापुरती खर्ची, आणि हिशेब शेवटी. शेवटी म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, आभाळ भरून आल्यावर. पावसाने कच्च्या विटा भिजल्या तर तेही अंगावर. ज्याचे पैसे फिटले नाहीत त्याला पुढच्या साली त्याच भट्टीवर जावे लागते. पोराचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते, पोर मात्र भट्टीवर विटा उलटीत असते.

१९७६ साली वेठबिगार नष्ट करणारा कायदा झाला. उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणे हा त्यान्वये गुन्हा आहे, आणि असे ऋण कायद्याच्या दृष्टीने मुळात उरतच नाही. म्हणजे १८५९ च्या कायद्याला आपण अगदी उलटा केला. तेव्हा शिपाई उचल घेणाऱ्याला पकडण्यास येई, आता तो उचल देणाऱ्याला पकडण्यास यावयास हवा. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर माणसाला राबविणे ही घटनेच्या २३ व्या कलमाप्रमाणे सक्तीची मजुरीच होय, मग त्याने ती आपखुशीने पत्करलेली असो. कारण भूक ही देखील सक्तीच, असा त्या निकालाचा भाव आहे. परप्रांतीय मजुरांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला होता, पण त्यात राज्याची सीमा ओलांडणाराच धरला होता. खालापूरचा कातकरी भिवंडीला गेला तर तो त्या कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित नव्हता! २०२० च्या टाळेबंदीत हाच मजूर एकाएकी सर्वांच्या नजरेस पडला. आपल्या जुन्या रस्त्यावरून डोक्यावर बोचकी घेतलेल्या रांगा गेल्या त्या आपण पाहिल्या. करमाडजवळ ८ मे रोजी रुळांवर थकून झोपलेल्या १६ जणांच्या अंगावरून मालगाडी गेली ते वाचले.

वेठबिगारीच्या कायद्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी जिल्ह्याच्या व उपविभागाच्या ठिकाणी दक्षता समित्या असाव्यात, आणि त्यांत सामाजिक कार्यकर्त्यांनाही जागा असावी, अशी तरतूद आहे. चौकच्या एखाद्या शिक्षकाने, वकिलाने किंवा दुकानदाराने त्या समितीकडे जाऊन एवढेच विचारावे की या तालुक्यातून यंदा किती जोड्या गेल्या, कोणत्या भट्टीवर, किती उचल घेऊन, आणि परत येताना कोणाच्या हातात किती पडले. मुकादमाच्या वहीत हे सारे लिहिलेले असते. ती वही आजवर एकाच बाजूने वाचली गेली आहे.

डोंगरावर माथेरानला माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा चालत आल्या. रिक्षा ओढणारा घाम गाळीत चढ चढतो आणि आत बसलेला हवा खातो, हे दृश्य पाहून पर्यटकांनी छायाचित्रे घेतली, क्वचित कोणी हळहळले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत ही प्रथा बंद करावी व विजेवर चालणाऱ्या रिक्षा हे ओढणारे जे आहेत त्यांनाच द्याव्यात, असा आदेश दिला. त्या आदेशाचा दुसरा भाग मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. अमेरिकेत १८६५ साली मुक्त झालेल्याला शेत मिळाले नाही. माथेरानच्या ओढणाऱ्याला गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर मिळते, की भाड्याने, की पुन्हा कोणाच्या तरी उचलीवर, हे वर जाऊन पाहता येईल. चौकहून वाट जुनीच आहे.